घरचा चार्ज कोणाकडून घेतलात?

‘तो घराक इलो हा, पण घरात खंय असा?’ एका वृद्ध वडिलांनी मला हे विचारलं होतं. शब्द बदलतात, पण नौदलातून निवृत्त झालेल्यांच्या घरून माझ्याकडे येणारी काळजी बहुतेक वेळा हीच असते. एखादी म्हणते, ‘हे येऊन तीन वर्षं झाली, अजून पाहुण्यासारखे वागतात.’ दुसरी म्हणते, ‘पाहुणा परवडला, आमचे हे साहेब होऊन आलेत.’ सिंधुदुर्गात समुपदेशनाचं काम करताना मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायला हवं असं वाटत होतं. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला, त्यानंतर तर असे फोन वाढलेच. ज्यांनी वर्षानुवर्षं जहाजाचं नाव काढलं नव्हतं ते मुलांना घेऊन युद्धनौका बघायला गेले, आणि घरी येऊन पुन्हा गप्प झाले.

निवृत्ती म्हटलं की आपल्यासमोर साठीतला माणूस येतो. नौसैनिकाचं तसं नसतं. अठरा-एकोणीसचा असताना तो ओडिशातल्या चिल्काला ट्रेनिंगला गेलेला असतो आणि पंधरा-वीस वर्षांची नोकरी संपवून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मूल अजून शाळेत असतं, आईवडील थकलेले असतात आणि बायको एव्हाना सगळं एकटीने रेटायला शिकलेली असते. सुट्टीवर येणारा नवरा घरातल्या सगळ्यांना माहीत असतो. कायमचा आलेला नवरा कोणालाच माहीत नसतो, त्याला स्वतःलाही नाही.

ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघांनी लिहायला आनंदाने संमती दिली. गावात त्यांना ‘नेव्हीवाले’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

पहिल्यांदा त्यांची पत्नी एकटीच आली. म्हणाली, ‘मॅडम, रोज पावणेचारला उठतात. घरभर फिरतात. गॅसचा नॉब बघतात, पंप बघतात, दारं बघतात, बाबांच्या खोलीत डोकावतात. मग पडवीत बसून राहतात. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती घेऊनही उठतात.’ तक्रारी पुष्कळ होत्या. मुलाच्या दप्तराची तपासणी होते, चप्पल रांगेत नसली तर आवाज चढतो, स्वयंपाकघरातले सगळे डबे एके दिवशी काढून उंचीप्रमाणे लावले आणि संध्याकाळी तिला हळद सापडेना. पण खरं दुखणं तिने शेवटी सांगितलं. ‘नाक्यावर बसले की तासन् तास बोलतात. कुठल्या कुठल्या बंदरांच्या गोष्टी, हसणं-खिदळणं. पोरं गोळा होतात ऐकायला. मी घरात कधी काही विचारलं तर म्हणतात, तुला नाही कळायचं.’

मी माणसाला त्याच्या घरापासून वेगळा काढून बघत नाही. एकाच्या वागण्यातली गाठ दोघा-तिघांच्या मध्ये असते, असं मला इतक्या वर्षांनंतर ठामपणे वाटतं. म्हणून तिला सांगितलं, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, आणि ‘तुम्हाला काहीतरी झालंय’ असं सांगून आणू नका.

ते आले. इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. ‘मला काही झालेलं नाही. हिच्या समाधानासाठी आलोय.’

अशा माणसाला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारून उपयोग नसतो. भावनांबद्दल बोलायचं नाही, हे तो फार कमी वयात शिकलेला असतो. कामाबद्दल मात्र तो बोलतो. ते ‘आयएनएस विराट’ या विमानवाहू युद्धनौकेवर बॉयलर रूमला होते. मी विचारलं, ‘मला वॉच, म्हणजे जहाजावरची पाळी, कशी बदलते ते सांगा. अगदी सगळं.’

पुढचा बराच वेळ तेच बोलत होते. विराटला चार बॉयलर होते. मिडल वॉच रात्री बारा ते चार. चारला सुटका असली तरी पुढच्या वॉचचा माणूस पंधरा मिनिटं आधी खाली उतरतो. तो आधी स्वतः फिरतो. वाफेचा दाब बघतो, काचेतली पाण्याची पातळी बघतो. बॉयलरमध्ये पाणी कमी झालं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जातं, म्हणून डोळा सतत तिथेच. पंपाच्या बेअरिंगवर तळहात ठेवून बघतो, आवाज ऐकतो. मग जुना माणूस त्याला सांगतो, कुठला पंप चालू, कुठला तयार ठेवलाय, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, इंजिनिअर साहेबांनी काय सांगून ठेवलंय. रजिस्टरमध्ये सही होते. नवा माणूस ‘घेतली’ म्हणेपर्यंत जुन्याने जागा सोडायची नाही, मग चारचे साडेचार का होईनात.

पत्नी त्यांच्याकडे बघत होती. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती. पावणेचारला उठण्याचा अर्थ तिला तिथे बसल्या बसल्या कळला. वेड नव्हतं ते, आजारही नव्हता. त्यांचं शरीर अजून चारच्या वॉचच्या तयारीत उठत होतं आणि घरात फेरी मारत होतं.

मग मी विचारलं, ‘आणि घरचा चार्ज तुम्ही कोणाकडून घेतलात?’

ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर तिच्याकडे बघितलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘घेतलाच नाही. सरळ येऊन उभा राहिलो.’

हा प्रश्न मी त्यानंतर अनेक घरांत विचारला आहे आणि दर वेळी असाच लागू पडला आहे. जो माणूस पंधरा वर्षं चार तासांचासुद्धा चार्ज न समजून घेता जागेवर उभा राहिला नाही, तो घरी येतो आणि पहिल्याच आठवड्यात डबे हलवतो. घर कोणीतरी चालवत होतं, तिचा हात अजून चाकावर आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. आणि तिच्या बाजूने पाहिलं तर, तिलाही कोणी विचारलेलं नसतं की बाई, इतकी वर्षं काय काय सांभाळलंस? तिला फक्त ‘आता तुझं टेन्शन संपलं’ असं सांगितलं जातं. ज्या कामाची कोणी नोंदच घेतली नाही ते हातातून सोडणं फार अवघड असतं.

पुढच्या भेटीत ती बोलणार आणि ते ऐकणार, असं ठरलं. मध्ये सूचना करायच्या नाहीत, फक्त समजलं नाही तर विचारायचं. तिने वही आणली होती. सासऱ्यांच्या साखरेच्या गोळ्या, सोसायटीचं कर्ज, कलमं कोणाला कराराने दिली आणि त्याने गेल्या वर्षीचे किती पैसे ठेवलेत, गणपतीचा खर्च भावांमध्ये कसा वाटला जातो, कोणाकडे लग्नाला गेलंच पाहिजे, मुलगी गणिताच्या तासाला का रडते. ते एकेक ऐकत होते. मध्येच म्हणाले, ‘हे सगळं तू...’ आणि थांबले.

वहीतलं संपलं. तिने वही मिटली आणि म्हणाली, ‘आई गेल्या त्याचं राहिलंय.’

त्यांची आई गेली तेव्हा जहाज समुद्रात होतं. फोन लागत नव्हता, निरोप जहाजावर संदेशाने पोहोचला. ते घरी आले तेव्हा कार्यही उरकलं होतं. त्यांनी त्याबद्दल घरात एक प्रश्न विचारला नाही, रडले नाहीत, सुट्टी संपल्यावर परत गेले. या बाईने सासूचं शेवटचं दुखणं काढलं होतं, तोंडात पाणी घातलं होतं, आणि हा माणूस दगडाचा आहे असं मनाशी धरून ती इतकी वर्षं जगत होती.

ती सांगू लागली. त्यांनी विचारलं, ‘ताप कधी चढला?’ तिने सांगितलं. ‘किती होता?’ तिने सांगितलं. ‘डॉक्टर किती वाजता आले? सलाईन कुठल्या हाताला? शेवटचं काय खाल्लं?’ प्रश्न एकापाठोपाठ एक, सपाट आवाजात. तिचा चेहरा लाल होत गेला. ती उसळून म्हणाली, ‘चौकशी करताय का माझी?’

मी तिचा हात धरला. म्हटलं, ‘थांबा. त्यांना विचारू द्या.’

मला त्या क्षणी जे दिसलं ते मी आजही इतर घरांना सांगते. ते जाब विचारत नव्हते. ते रजिस्टर वाचत होते. ज्या वॉचला ते हजर नव्हते तिचा तास न् तास त्यांना समजून घ्यायचा होता, कारण कुठलीही गोष्ट आपली म्हणून स्वीकारण्याची त्यांना तेवढी एकच रीत ठाऊक होती. तिने पुन्हा बोलायला सुरुवात केली. पेज खाल्ली होती, दोन चमचे. पहाटे. तुमचं नाव घेतलं, मग विचारलं, बोट कुठे असेल आता? मी म्हटलं, येतेय.

‘येतेय’ ऐकल्यावर ते रडले. तीही रडली. मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच. बऱ्याच वेळाने ते तिला म्हणाले, ‘निरोप आला तेव्हा मी वॉचवर होतो. चीफ म्हणाले, वर जा. मी म्हटलं, वॉच संपवून जातो. पाण्याच्या काचेकडे बघत उभा राहिलो. नजर हलवायची नव्हती मला.’

हे नाक्यावर सांगण्यासारखं नव्हतं. नाक्यावर बंदरं सांगता येतात. घरच्यांना वाटतं, बाहेर बोलतो आणि आमच्याशी बोलत नाही म्हणजे आम्ही परके. माझा अनुभव उलट आहे. सोप्या आठवणी तो परक्यांना देतो. जड आठवणी घरासाठी ठेवलेल्या असतात आणि त्या उतरवायला त्याला जागा सापडत नसते.

त्यानंतर एका भेटीत विराटचाही विषय निघाला. ६ मार्च २०१७ ला ते जहाज मुंबईत सेवेतून निवृत्त झालं आणि सप्टेंबर २०२० मध्ये तोडण्यासाठी ओढून गुजरातमधल्या अलंगला नेलं गेलं. नेव्हीवाले रात्री मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघत असत. पत्नीला वाटायचं, भलतंच काहीतरी बघतात, मी गेले की स्क्रीन बंद करतात. आता त्यांनी तिला जवळ बसवून दाखवलं, इथे आमची मेस होती, हा माझा बंक, इथून खाली उतरायचो. ज्या लोखंडात आयुष्याची उमेदीची वर्षं गेली ते कापलं जाताना बघणं हे दुःखच आहे. ‘जहाजासाठी काय रडायचं?’ असं कृपा करून कोणी म्हणू नये.

ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना मी सांगते, त्याला ‘बोल ना काहीतरी’ म्हणू नका. सकाळी किती वाजता उठायचात, जेवण कोण करायचं, वादळात झोपायचात कसे, असं काहीतरी नेमकं विचारा. आठवण तपशिलातून येते. तीच गोष्ट तो पुन्हा सांगत असेल तर ‘हे सांगितलंत’ म्हणून तोडू नका, पुन्हा सांगताना त्यात एखादं नवं वाक्य येतं, ते ऐका. आल्या आल्या दुसऱ्या नोकरीसाठी मागे लागू नका. निवृत्तीआधी नोकरी-धंद्याचे कोर्स मिळतात आणि ते उपयोगीही असतात, पण घरात शिरण्याचा कोर्स घरानेच घ्यायचा असतो. आणि निवृत्त झालेल्या भावांनो, पहिले सहा महिने डबे हलवू नका. विचारा, बघा, शिका. मुलं तुमचे ज्युनिअर नाहीत. कॅन्टीनची बाटली रोज संध्याकाळी उघडत असेल तर ती झोपेसाठी आहे असं स्वतःला सांगू नका. दारूने आलेली झोप मध्यरात्री मोडते.

पावणेचारला जाग येणं वेगळं आणि घाबरून, घामाघूम होऊन जाग येणं वेगळं. वाईट स्वप्नं, मोठ्या आवाजाला दचकणं, आठवडेच्या आठवडे झोप नसणं, अंगावर धावून जाणं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, यातलं काही असेल तर माझ्यासारखीपाशी थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे जा. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून उपचार होतात. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कधीही लावता येतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. या आजारांवर औषधं आहेत आणि ती घेण्यात काहीही कमीपणा नाही.

नेव्हीवाल्यांच्या घरात आता पंप, वीज, कलमं आणि बाबांचा दवाखाना त्यांच्याकडे आहे. पैसे ती बघते, त्यांनीच तसं सांगितलं. डब्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. पावणेचारला ते उठतातच. झोपेची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली.

ज्यांच्या घरी निवृत्तीची तारीख ठरली आहे त्यांनी त्या तारखेची वाट बघू नये. शेवटच्या सुट्टीत दोघांनी एक वही घेऊन बसावं. आधी तिने सांगावं, त्याने लिहून घ्यावं. दुसऱ्या दिवशी त्याने सांगावं.