एक दिवसाचा पगार कापायचा फॉर्म: सही करण्याआधी

तुम्ही विचारलंय की सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात कुणावर वेळ आली की आजवर शॉपमध्ये वर्गणीची वही फिरायची. आता मुंबईच्या हेड ऑफिसनं दरवर्षी एक दिवसाचा पगार एका संस्थेला द्यायचा फॉर्म पाठवलाय. जुने चिडलेत, नवी पोरं म्हणतात कटकट मिटली. सही करावी का?

करा, पण डोळे उघडे ठेवून. 'टॅक्स वाचेल' हे सगळ्यांसाठी खरं नाही. देणगीवरची (८०जीची) वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि २०२३-२४ पासून तुम्ही काही निवडलं नाही तर नवीनच लागू होते. जुनीत असलात तरी बहुतेक संस्थांच्या बाबतीत रकमेच्या ५० टक्केच वजावट. मुख्यमंत्री सहायता निधीला १०० टक्के. शिवाय ही रक्कम कंपनीला सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्यानं समाजकार्यावर करायच्या खर्चात, दाखवता येत नाही. सीएसआरचे २ टक्के कंपनीच्या नफ्यातले, तुमच्या पगारातले नव्हेत. फोटोत मात्र दोन्ही एकाच बॅनरखाली उभे असतात.

आता वहीचं. तिचं कौतुक मलाही आहे, पण ती काही देवाघरची नव्हती. पहिल्या ओळीत सुपरवायझरचे ५०१, मग खाली १०१ च्या आत यायची कुणाची छाती नाही. कंत्राटी पोरांकडूनही ५० घ्यायचे, पण त्यांच्यातलं कुणी आजारी पडलं तर वही निघेलच याचा भरवसा नसायचा. 'आपला माणूस' म्हणजे पर्मनंट माणूस.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा दोन्ही बाजू दिसल्या. बाहेरून बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे ट्रकनं येत होते. आमच्या लोकांनी आधी विचारलं: सांगलवाडीच्या एकाला शेगडी आणि भांडी, हरिपूरच्या एकाला पोरीची दहावीची पुस्तकं. हे हेड ऑफिसला मुंबईत बसून जमलं नसतं. पण सांगलीच्या गावभागात खोली घेऊन राहणारे बिहारचे दोन हेल्पर कुणाच्याच यादीत नव्हते. कारण याद्या गावागावाच्या होत्या.

म्हणून नव्या पोरांना मी नावं ठेवत नाही. जतहून किंवा लातूरहून आलेला पोरगा नागपूरच्या अनोळखी बाळाच्या ऑपरेशनसाठी यूपीआयवरून २०० रुपये पाठवतो, तेही देणंच. आपल्याच जिल्ह्यात दुधगावचा विद्यार्थी आश्रम शंभर वर्षांपूर्वी मुष्टिफंडावर चालला. घरोघरच्या मूठमूठ धान्यावर परक्यांचीच पोरं शिकली ना?

माझं मत, दोन्ही चालू ठेवा. सीएसआरच्या नियमांत केवळ कामगारांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या फायद्याचा खर्च बसतच नाही, म्हणजे सहकाऱ्याच्या बायपाससाठी वहीच लागणार. फक्त तिच्यातून रकमेचा रकाना काढा, नावं पुरेत. डबा ठेवलात तर आणखी बरं. आणि कंत्राटी माणूस देणाऱ्यांत आहे तसा घेणाऱ्यांतही धरा. एचआरकडे एवढंच मागा: रक्कम ज्याची त्यानं ठरवावी, कधीही बंद करता यावी, आणि संस्था निवडताना सांगली-मिरजेचीही नावं असावीत. सीएसआरच्या कायद्यातच स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय, तो दाखला द्या.

फॉर्मवर रक्कम छापूनच आली असेल तर ती खोडून पेनानं स्वतःची लिहा, तारीख टाका, आणि झेरॉक्स घरी ठेवा.