सध्या कोणतं पुस्तक वाचताय, कसं वाटतंय? आणि पूर्ण वाचून व्हायच्या आधी त्यावर मत द्यावं का?

‘धग’ वाचून राहिलो. उद्धव शेळक्यांची कादंबरी, १९६० सालची. पान १४३ वर आहे. आजचं मत असं, की त्यातल्या कौतिक या बाईचा मला राग येऊ लागलाय. आजचं म्हणजे या मंगळवारचं. रविवारी विचाराल तर कदाचित दुसरंच काही सांगेन.

झालं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं. दुसरा प्रश्न मात्र माझ्या रोजच्या धंद्यातला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

नागपुरात शंकरनगरच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. दोन मशीन, एक कटर, एक लॅमिनेशनचं यंत्र आणि मागे पुठ्ठे-रेक्झिन ठेवायला मोरीएवढी जागा. सकाळी कॉलेजचे पोट्टे, संध्याकाळी ऑफिसातून सुटलेले लोक. दुपारी दोन ते चार कोणी फिरकत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चारचे पाचही वाजतात. तेवढ्या वेळात मी वाचतो. गिऱ्हाईक आलं की पुस्तक काउंटरवर पालथं. (बाइंडिंगवाल्यानं पुस्तक पालथं ठेवणं म्हणजे डॉक्टरनं बिडी ओढणं. कणा मोडतो, शिवण ढिली होते, सगळं माहीत आहे. तरी ठेवतो.) आधार कार्डाच्या दोन्ही बाजू निघेपर्यंत समोरच्याला बघायला दुसरं काही नसतं. मग तो विचारतोच, ‘काय वाचून राहिले भाऊ?’ आणि लगेच, ‘कसं आहे?’

या ‘कसं आहे’ला मी बरीच वर्षं ‘छान आहे’ म्हणून मोकळा व्हायचो. हे घ्या कागद, हे घ्या सुटे, छान आहे. त्यात खोटं काही नसायचं, पण खरंही काही नसायचं. ती सवय मोडली एका काकाजींनी. कोळसा खाणीतून रिटायर झालेले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे कागद घेऊन येतात, बाकीचे अकरा महिने नुसतेच येतात. ते ‘कसं आहे’ विचारत नाहीत. पुस्तक उचलतात, उघडं असेल तो पान नंबर बघतात आणि म्हणतात, ‘एवढ्यावर काय वाटते?’

आता यावर ‘छान’ म्हणून सुटता येत नाही. त्या पानापर्यंतचंच काही सांगावं लागतं. हा माणूस पटत नाही, ही बाई काहीतरी लपवून राहिली, मधली वीस पानं मी ढकलली. काकाजींनी पुस्तक आधीच वाचलेलं असलं तरी ते ओठ मिटून ऐकून घेतात. फार तर ‘हं’ म्हणतात. तो ‘हं’ लांबला की समजायचं, आपला अंदाज पुढे कुठेतरी आपटणार आहे.

आणि पुस्तक पूर्ण झाल्यावरचं मत कसं असतं, तेही मला विचारा. मी पीएच.डी.चे प्रबंध बांधतो. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. पानं क्रमानं लागलीत का ते बघावं लागतं, त्यात शेवटचं प्रकरण डोळ्यांखालून जातंच. कादंबरी कोणतीही असो, तिथे ‘ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण’ आणि ‘वास्तवाचे प्रत्ययकारी दर्शन’ हे जुळे भाऊ हात धरून उभे असतात. पोरांना दोष देत नाही, गाइडला तेच लागत असेल. पण शेवटचं पान मिटलं की आपणही थोडे तसेच होतो. वाचताना आलेला कंटाळा, चुकलेले अंदाज, एखाद्या पात्राशी मनातल्या मनात झालेलं भांडण, सगळं धुऊन इस्त्री करून ठेवतो आणि वर ‘आवडलं’ अशी चिठ्ठी लावतो.

पण अर्ध्यावर बोलणं हेही धोक्याचं काम आहे. मी यातच तोंडावर पडलोय.

ही ‘धग’ मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, जुन्या पुस्तकांत घेतली होती आणि न वाचताच दुकानात खालच्या फळीवर टाकली होती. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ च्या रात्री पाऊस कोसळला, आणि २३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. मोरभवनच्या स्टँडवर पाण्यात उभ्या बसा तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. माझ्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. एक मशीन गेलं. ए-फोरची रिमं फुगून विटांसारखी झाली. वरच्या फळ्या वाचल्या, खालची बुडाली.

भिजलेलं पुस्तक उन्हात टाकायचं नसतं, पानं वाकडी होतात. दर दहा-बारा पानांत कोरा कागद घालायचा, पुस्तक उभं करून पंख्याखाली ठेवायचं, कागद ओले झाले की बदलायचे. चकचकीत आर्ट पेपरची पानं ओली असताना एकमेकांना चिकटून वाळली, की मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाहीत. साधा कागद मात्र तगतो. त्यामुळे माझी महागाची चित्रांची पुस्तकं रद्दीत गेली आणि तीस-चाळीस रुपयांची ‘धग’ वाचली. फक्त ९७ ते ११२ ही पानं सुटेनात, त्यांच्यात गाळ बसला होता. नेमका एक फर्मा, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेला पानांचा गठ्ठा. सोळा पानांचा हिशेब धरला तर सातवा. सोडवायला गेलो की पापुद्रे निघायचे, म्हणून नाद सोडला.

यंदा पुस्तक हातात घेतलं तेव्हा म्हटलं, सोळा पानांनी काय होते. ९६ वरून थेट ११३ वर उडी मारली. आणि १२० वर असताना एकीला मत ठोकून दिलं: कौतिकचा हट्ट हवेतून आलाय, लेखकानं त्याला पायाच घातला नाही. समोर होती मराठीत पीएच.डी. करणारी एक पोरगी, स्पायरल करायला आलेली. तिनं पुस्तक हातात घेतलं, चिकटलेला गठ्ठा दोन बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाली, ‘दादा, पाया याच्यात आहे ना.’

मी स्पायरलचे पैसे घ्यायला विसरलो.

मग वाचनालयातून दुसरी प्रत आणली. आवृत्ती वेगळी, पान नंबर जुळेनात, वाक्य धरून जागा शोधावी लागली. ती पानं मशीनजवळ उभ्या-उभ्या वाचली. त्यात काय आहे ते सांगत नाही, तुम्ही वाचलं नसेल. माझं मत मात्र ‘लेखकानं पाया घातला नाही’वरून ‘मला कौतिकचा राग येतो’वर आलं. आधी मी शेळक्यांवर आरोप करत होतो, आता माझं भांडण थेट त्या बाईशी आहे. मला वाटतं ही प्रगतीच आहे. हे सगळं पुस्तक संपेपर्यंत तोंड बंद ठेवलं असतं तर मी चिकटलेल्या फर्म्यासकट ‘आवडलं’ म्हणून मोकळा झालो असतो, आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

याच पुस्तकावरचं मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं मत मात्र ते न वाचलेल्या बाईचं आहे. मिहानमध्ये नोकरीला आलेला एक पुण्याकडचा मुलगा प्रिंट काढायला आला होता. त्यानं दोन पानं चाळली आणि म्हणाला, ‘संवाद सगळे वऱ्हाडीत आहेत हो, वाचवत नाही.’ मी म्हटलं, डोळ्यांनी नको वाचू, मोठ्यानं वाच. वऱ्हाडी कानाला लवकर कळते. त्यानं अडखळत चार ओळी वाचल्या. बाजूला लाडक्या बहिणीच्या कागदांसाठी एक मावशी थांबल्या होत्या, मूळच्या आर्वीकडच्या.

‘हे कोन बोलते पुस्तकात?’

‘कौतिक नावाची बाई आहे मावशी.’

‘नवरा काय करते तिचा?’

‘शिंपी आहे.’

‘शिवते का पन?’

‘फारसं नाही.’

‘मंग झालं,’ मावशी म्हणाल्या. ‘तिलेच करा लागन सारं.’

कागद घडी करून पिशवीत टाकले आणि गेल्या. पुण्याचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. ‘त्यांनी वाचलीय का ही?’ म्हणे.

‘धग’च्या आधी वसंत मून यांचं ‘वस्ती’ वाचलं. १९९५ साली आलेलं आत्मकथन, सीताबर्डीच्या महारपुऱ्यात वाढलेल्या मुलाचं. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे सरकारी खंड ज्यांनी संपादित केले तेच हे मून. पहिला खंड १९७९ चा. मी कागद आणायला ज्या बर्डीवर आठवड्यातून दोनदा जातो, तीच बर्डी त्यात आहे, पण माझ्या ओळखीची नाही. तिथे भूक आहे, कुस्त्या आहेत, भांडणं आहेत, दंगा करणारी पोरं आहेत. ही माणसांची पानं मी दोनदा वाचली आणि चळवळीची भराभर उलटली. तसं बोलूनही दाखवलं, नेमकं चुकीच्या माणसासमोर. दीक्षाभूमीवर दसऱ्याला पुस्तकांचा स्टॉल लावणारे एक दादा आहेत, किमतीच्या याद्या काढायला दरवर्षी माझ्याकडे येतात. ते म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही उलटं वाचलं. चळवळ झाली नसती तर ही माणसं पुस्तकात आलीच नसती. लिहिणारा कुठून आला असता?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण माणसांची पानं मला अजूनही जास्त आवडतात, हेही खरं.

याच दादांच्या स्टॉलवर एकदा तासभर बसलो होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, त्याच्या स्मरणाला लांबलांबच्या गावांतून लोक येतात आणि परतताना त्यांच्या पिशवीत पुस्तक असतं. तिथे कोणी ‘कसं आहे’ विचारत नाही. विचारतात, ‘याच्यात काय आहे?’ आणि मागची रांग ढकलत असते, त्यामुळे दादांना एका दमात सांगावं लागतं. एका आजीबाईंनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हातात घेऊन तेच विचारलं. दादा म्हणाले, ‘आजी, बाबासाहेबांनी शेवटी शेवटी लिहिलेलं आहे, छापून आलेलं त्यांनी पाहिलं नाही.’ आजींनी लुगड्याच्या कनवटीला लावलेले पैसे काढले. आता हे काही पुस्तकाच्या मजकुरावरचं मत नव्हे. तरी मी दुकानात बसून दिलेल्या शंभर ‘छान’पेक्षा ते वजनदार होतं.

बाकी थोडक्यात. स्पर्धा परीक्षेच्या पोट्ट्यांना मत विचारायला जाऊ नका. एकानं ‘धग’ उलटसुलट करून पाहिली आणि ‘हे सिलॅबसमध्ये नाही ना भाऊ’ म्हणाला. कवी ग्रेस मला कळत नाहीत. नागपुरात राहून हे लिहायला छाती लागते. ‘वाऱ्याने हलते रान’ला २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मी ‘संध्याकाळच्या कविता’ काढल्या होत्या, त्यात पान ३० वर जी खूण घातली ती अजून तिथेच आहे. ओळी कानाला गोड लागतात, अर्थ हाताशी येत नाही. हे माझं चालू मत, चौदा वर्षं चालूच आहे.

काकाजी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ वाचून राहिले. कोश कोणी पहिल्या पानापासून वाचते का, म्हणून मी हसलो होतो. ते रोज तीन पक्षी वाचतात, चौथा नाही. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. दुसऱ्या दिवशी काकाजी बातमीचं कात्रण लॅमिनेट करायला घेऊन आले. तेव्हाही मी सवयीनं विचारलं, कुठवर आलं? म्हणाले, ‘आता दोनच वाचतो. लवकर संपाले नको.’

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: द्या मत, पण पान नंबरासकट द्या. ‘४० वर सोडलं’ म्हणा, ‘भिकार आहे’ म्हणू नका. ४१ वर काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. पुढचं वाचलेला कोणी समोर असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघत बोला. आणि मध्ये पानं चिकटलेली असतील तर तेही आधी सांगून टाका.

तुम्ही स्वतः काय वाचताय ते प्रश्नात लिहिलंच नाही. कुठवर आलात?

थांबतो, गिऱ्हाईक आलंय. मार्कशीट, पाच प्रती, आणि नजर ‘धग’वर आहे.