कामाचा आणि जगात जे चाललंय त्याचा एकदमच वैताग येतो. तुमचंही असं होतं का? तुम्ही काय करता?

होतं. फक्त हे दोन वैताग वेगळे आहेत असं मला बरीच वर्षं वाटायचं, आणि ते एकच आहेत हे कळलं एका खुर्चीमुळे. त्यामुळे आधी खुर्चीचं सांगतो, जगाचं नंतर.

माझी ऑफिसमधली खुर्ची खचायची. म्हणजे सकाळी वर करून बसलो की एकदम ठीक, मग ती इतक्या सावकाश खाली जाणार की पत्ताच लागत नाही, आणि चारच्या सुमाराला लक्षात येतं की आपली हनुवटी टेबलाच्या लेव्हलला आलीय आणि आपण शाळेतल्या पोरासारखे हात वर करून टाईप करतोय. या खुर्च्यांच्या मधल्या दांड्यात दाबाखाली गॅस भरलेला असतो, बहुतेक नायट्रोजन, आणि आतलं सील गेलं की खुर्ची खचायला लागते. हे मला आता माहितीये. तेव्हा मी फक्त तिकीट टाकलं.

तिकीट म्हणजे आपली तक्रार हो, पोर्टलवर टाकायची, नंबर येतो, मग वाट बघायची. तीन दिवसांनी मेल आला की तुमच्या समस्येचं निराकरण झालेलं आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल. तो मेल मी त्याच खुर्चीत बसून वाचला आणि वाचून होईपर्यंत अर्धा इंच खाली गेलो होतो. रीओपन केलं. परत क्लोज. परत रीओपन. असं सात वेळा झालं, आणि सातव्या वेळेला खाली शेरा होता, 'युजरशी संपर्क होऊ शकला नाही'. अहो, मी त्यांच्या केबिनपासून चाळीस पावलांवर बसतो, मोजलीत मी.

त्याच रात्री अंथरुणात पडून मोबाईल बघत होतो, जसे सगळेच बघतात. कुठल्यातरी युद्धाची बातमी, चर्चेची फेरी झाली, चर्चा सकारात्मक वातावरणात झाली, दोन्ही बाजूंनी बांधिलकी व्यक्त केली. त्याच्या खालचीच बातमी त्याच ठिकाणच्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्याची. आणि मला एकदम तोच राग आला जो सकाळी मेल वाचून आला होता. मोठा-छोटा असा फरक नाही, अगदी तोच, त्याच चवीचा. म्हटलं हे पण तिकीट क्लोजच करतायत की.

आता तुम्ही म्हणाल कुठे खुर्ची आणि कुठे युद्ध. बरोबर आहे, कुणाचा जीव जाणं आणि माझी पाठ दुखणं याची तुलना मी करत नाहीये, आपल्या डोक्यात जो वैताग तयार होतो त्याबद्दल बोलतोय. कामाच्या कष्टाने माणूस दमतो, झोपतो, सकाळी उठतो, त्यात वैताग फार नसतो. वैताग येतो तो कागदावर झालंय आणि प्रत्यक्षात काही झालेलं नाहीये याचा. त्यातही आपल्याला ते दिसतंय, समोरच्यालाही दिसतंय, आणि तरी दोघांनीही मेलच्या शेवटी थँक्स अँड रिगार्ड्स लिहायचं, हे जास्त पोखरतं.

याला नाव आहे बरं का. चार्ल्स गुडहार्ट नावाचे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, त्यांनी १९७५ मध्ये सरकारच्या पैशाच्या धोरणाबद्दल लिहिताना मुद्दा मांडला होता की एखाद्या आकड्यावरून तुम्ही लोकांना ताब्यात ठेवायला लागलात की तो आकडा भरवशाचा राहत नाही. पुढे १९९७ मध्ये मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तेच सोपं करून सांगितलं, की मोजमाप हेच टार्गेट झालं की ते चांगलं मोजमाप उरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर 'खुर्ची नीट झाली का' हे मोजायला अवघड, 'तिकीट ४८ तासांत बंद झालं का' हे मोजायला सोपं, मग माणूस खुर्ची दुरुस्त करायचं सोडून तिकीट दुरुस्त करत बसतो. तुमच्या ऑफिसात असलं काय काय चालतं ते आठवून बघा, मला खात्री आहे पाच मिनिटांत यादी होईल.

आणि जगातलं माझं सगळ्यात आवडतं क्लोज केलेलं तिकीट म्हणजे १९२८ चं. २७ ऑगस्ट १९२८ ला पॅरिसमध्ये १५ देशांनी सह्या करून युद्ध बंद केलं. मस्करी नाही, केलॉग-ब्रियां करार, की राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्ध वापरायचं नाही, भांडणं शांततेने सोडवायची. सह्या करणाऱ्यांत जर्मनी, इटली आणि जपान तिघेही होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांना यासाठी १९२९ चं शांततेचं नोबेल मिळालं, म्हणजे पाचपैकी पाच स्टार. जपान १९३१ मध्येच मांचुरियात घुसला आणि १९३९ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे. गंमत म्हणजे तो करार कधी रद्द झालाच नाही, आजही लागू आहे, म्हणजे सिस्टीममध्ये स्टेटस अजून क्लोज्डच दिसतंय. (जाणकार लोक म्हणतात की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या खटल्यांत आक्रमण हा गुन्हा ठरवायला त्याचा आधार मिळाला, आणि ते खरंय, म्हणजे अगदीच रद्दी नव्हता. पण ज्याची खुर्ची खचतेय त्याला हे सांगून बघा.)

एवढंच असतं तर मी इथे उत्तर लिहायच्या भानगडीत पडलो नसतो, नुसता वैतागत बसलो असतो. पण मग याच्या उलटं काही सापडतं का म्हणून शोधायला लागलो आणि देवी रोगाचं प्रकरण वाचलं, ते वाचून मात्र मी सरळ उठून बसलो.

बघा, देवीची लस होती १७९६ पासून, एडवर्ड जेनर या इंग्रज डॉक्टरांची. म्हणजे उपाय हातात होता, तरी १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जोरात मोहीम सुरू केली तेव्हा वर्षाला एक कोटीच्या वर लोकांना देवी येत होत्या असा अंदाज होता. नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा माणूस ऑक्टोबर १९७७ चा, सोमालियातल्या मर्का गावचा, दवाखान्यात स्वयंपाकी होता, आणि तो बरा झाला. आता आमच्या ऑफिसमध्ये असतं तर त्याच संध्याकाळी केक कापून तिकीट क्लोज. या लोकांनी काय केलं तर पुढची दोन वर्षं उघडंच ठेवलं. माणसं गावोगाव, घरोघर देवीच्या पेशंटचा फोटो दाखवत फिरायची, असं कोणी पाहिलंय का म्हणून, आणि १९७८ मध्ये तर जाहीर केलं की देवीचा खरा रुग्ण दाखवा आणि १००० डॉलर घेऊन जा. आपलंच काम झालेलं नाही हे दाखवून देणाऱ्याला बक्षीस! मी हे वाक्य तीनदा वाचलं. आमच्याकडे तिकीट रीओपन करणाऱ्याला एस्कलेशनवाला, म्हणजे वरपर्यंत तक्रार नेणारा, म्हणून ओळखतात.

त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये प्रयोगशाळेत ठेवलेल्या विषाणूने एका फोटोग्राफर बाईंचा जीव गेला, म्हणजे उघडं ठेवण्यात शहाणपण होतं. मग डिसेंबर १९७९ ला तज्ज्ञांनी लिहून दिलं आणि ८ मे १९८० ला जाहीर झालं की देवी जगातून गेल्या. बाराच्या वर वर्षं एका तिकिटाला. पण गेल्या त्या गेल्याच.

ओझोनचं पण तसंच, थोडक्यात सांगतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थरातलं भगदाड कळलं, १९८७ मध्ये माँट्रियलला करार, फ्रीज आणि स्प्रेमधली ती रसायनं हळूहळू बंद, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्याच्या सगळ्या सदस्य देशांनी तो स्वीकारला. आणि शास्त्रज्ञांचा अंदाज असा की अंटार्क्टिकावर ओझोन १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल. म्हणजे ड्यू डेट २०६६, आणि कोणी घाईघाईने क्लोज करत नाहीये, अजून दरवर्षी मोजतायत. मी तोपर्यंत असेन की नाही कोण जाणे, पण कुठेतरी एक प्रामाणिक ओपन तिकीट आहे याचं मला विचित्र समाधान वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, काय करता.

एक म्हणजे रात्रीचं स्क्रोलिंग बंद केलं, पूर्ण नाही जमलं, खोटं कशाला बोलू, पण अंथरुणात नाही. छापील पेपरचं बरं होतं, शेवटचं पान यायचं, घडी घालायची, विषय संपला. हे खाली खाली जात राहणारं स्क्रोल २००६ मध्ये एझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने बनवलं आणि नंतर त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला, तर आपलं काय घेऊन बसलात. आणि जगाचा पण डॅशबोर्ड असतो, ते डूम्सडे क्लॉक, म्हणजे जग विनाशाच्या किती जवळ आलंय ते दाखवणारं प्रतीकात्मक घड्याळ, मध्यरात्र झाली की सर्वनाश. १९४७ मध्ये मध्यरात्रीला ७ मिनिटं कमी होती, १९९१ मध्ये शीतयुद्ध संपत आलं तेव्हा १७ मिनिटं, आणि २०२५ मध्ये ८९ सेकंद. ते बनवणारे शास्त्रज्ञ आहेत, त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण रात्री साडेबाराला पडल्या पडल्या ते बघून मी करणार काय? माझ्याकडे त्या घड्याळाची किल्ली नाही.

दुसरं, थकवा आणि वैताग वेगळे ओळखायला शिकलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या नव्या यादीत बर्नआऊटची सविस्तर व्याख्या दिली, आजार म्हणून नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हणून. खुणा तीन दिल्यात, जीव दमून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा किंवा ते परकं वाटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आणि स्पष्ट लिहिलंय की हे फक्त कामाला लावा, आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टींना नको. माझ्यात दुसरी खूण जोरात होती. पहिली नव्हतीच, मी आठ तास झोपत होतो. म्हणून सुट्टी घेऊन मला काही फरक पडला नाही, आठ दिवसांनी आलो तर तीच शीट आणि तीच खुर्ची. तुमच्यात तिन्ही असतील तर मात्र माझं हे पुराण सोडा आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, खरंच जा.

तिसरं, माझ्या हातातली तिकिटं मी खोटी क्लोज करत नाही. माझ्याकडे पण लोकांच्या तक्रारी येतात, बिलिंगच्या. पूर्वी मी पण तेच करायचो, शुक्रवारी संध्याकाळी पटापट रिझॉल्व्ड, रिझॉल्व्ड, सोमवारचा रिपोर्ट हिरवागार. आता त्या माणसाला फोन करून विचारतो, झालं का हो खरंच? त्यामुळे माझा आकडा टीममध्ये खालून दुसरा आहे आणि अप्रेझलला त्याबद्दल ऐकून पण घेतलंय, तेव्हा हा सल्ला फुकटात पडतो असं समजू नका. पण वैताग अर्ध्यावर आलाय. जगाचा पण, हे मला अजून नीट समजावून सांगता येत नाही.

आणि खुर्ची. आठव्यांदा तिकीट टाकलं नाही, ती चाळीस पावलं चालत गेलो. तिथे एक काका बसतात, त्यांना सांगितलं तर ते अजिबात चिडले नाहीत, स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यांच्या नावावर ६३ तिकिटं, एकटा माणूस. दांडा नवीन लागतो, तो परचेसने आणायचा, परचेस वेगळं डिपार्टमेंट, आणि ४८ तास उलटले की काकांच्या नावापुढे लाल. "मी काय करू सांगा, बंद नाही केलं तर माझ्यावर येतं," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले की पीव्हीसी पाईपचा तुकडा उभा कापून दांड्याभोवती बसवला तर खचायची थांबते, पण पाईप आणायलाही तिकीट लागेल. शेवटी आम्ही दोघांनी मिळून माझी खुर्ची ढकलत मीटिंग रूममध्ये नेली आणि तिथली एक चांगली खुर्ची माझ्या टेबलाला आणून ठेवली. काकांनी तिकीट क्लोज केलं, मी पाच स्टार दिले.

खचणारी खुर्ची अजून तिथेच आहे, खिडकीकडून तिसरी. परवा एक तासभर मीटिंग चालली, आमच्या मॅनेजर मॅडम तिच्यावर बसल्या होत्या आणि त्या हळूहळू खाली चालल्या होत्या, मी काही बोललो नाही.