अँटीफंगलमध्ये पीएचडीला जर्मनीला यायचंय तर
तू विचारायलीस की नांदेडला एमएस्सी ऑरगॅनिकच्या प्रोजेक्टमधे १८ ट्रायझोल (तीन नायट्रोजनच्या रिंगवाली कंपाऊंड) बनवलेत, त्यावर इकडं अँटीफंगलची, म्हणजे बुरशीवरच्या औषधांची पीएचडी मिळेल का. मिळेल गं, पण नुसत्या १८ कंपाऊंडवर नाही, बनवल्यावर त्यांचं पुढं काय झालं हे सांगता आलं तर.

मी उदगीरची, सहा वर्षं झाली जर्मनीतल्या येनाला. मी पण तशीच आलते, एनएमआर (कंपाऊंडची रचना दाखवणारी तपासणी) क्लीन, यील्ड चांगलं, आणि औषधाच्या डिस्कभोवती किती मिलिमीटर झोन आला, म्हणजे बुरशी वाढली नाही ती जागा, तेवढंच माहीत. इथं पहिल्याच मीटिंगला विचारलं, एमआयसी किती, म्हणजे बुरशीची वाढ थांबवायला कमीत कमी किती डोस लागतो, आणि माणसाच्या पेशीचं काय होतं? बुरशीची पेशी बरीचशी आपल्यासारखीच, म्हणून तिला मारणारं पुष्कळ काही आपल्यालाही मारतं. तिच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल, आपल्यात कोलेस्टेरॉल, एवढ्याशा फरकावर फ्लुकोनॅझोल, टर्बिनाफिन, अँफोटेरिसिन ही सगळी औषधं उभी आहेत. माझं एक कंपाऊंड कॅन्डिडा नावाच्या बुरशीला अगदी कमी डोसात मारायचं, आईला फोन करून सांगितलं सुद्धा, मग रक्ताच्या पेशींवर टाकलं तर पेशी खाली बसायच्या ऐवजी वरचं पाणीच लालभडक, म्हणजे पेशी फुटल्या. संपलं ते कंपाऊंड.

आणि ९६ वेल, म्हणजे बारीक खळगे असलेली प्लेट वाचायला शीक. उजेडाकडं धरायची, गढूळ म्हणजे बुरशी वाढली, स्वच्छ म्हणजे औषध लागू पडलं. माझ्या एका प्लेटला सगळ्यात जास्त डोसचेच वेल गढूळ आणि मधले स्वच्छ, दोन दिवस काही कळेना. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बुरशी नव्हतीच, बारीक सुया होत्या, डीएमएसओतून (कंपाऊंड विरघळवायचं द्रावण) पाण्यात गेल्यावर कंपाऊंडच बाहेर पडलं होतं. म्हणून मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडं जाऊन ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन कर, म्हणजे अशाच प्लेटमधे डोस कमी कमी करत तपासणी, शेजारी तुलनेला फ्लुकोनॅझोल कंट्रोल ठेव, १८ मधले दोन-तीनच घे पण नीट तपास.

पैशाचं म्हणशील तर इथं पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरीचा करार असतो, बऱ्याचदा अर्ध्या किंवा ६५ टक्के पदाचा, पण पगार मिळतो. त्यामुळं लाखो मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नको, वावर तर अजिबात गहाण टाकू नका. प्रोफेसरचे दोन पेपर वाच आणि थेट मेल कर. येनाचं हान्स क्नोल इन्स्टिट्यूट बघ, इंग्लंडमधे एक्झेटरचं मेडिकल मायकॉलॉजी सेंटर बघ. लॅबमधे इंग्रजी चालतं, घर शोधताना जर्मन लागतंच.

एवढं सांगायचं कारण, २०२१ ला म्युकर (काळी बुरशी) आला तेव्हा मामासाठी माझा भाऊ लातूर, नांदेड, हैदराबाद अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी फिरला, आणि ते औषध १९५० च्या दशकातलं. आता गावोगाव गजकर्ण टर्बिनाफिनला दाद देईना, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी म्हणून जी बुरशी आहे तिच्यात औषध जिथं बसतं ते एन्झाइमच बदललेलं असतं. फ्लुकोनॅझोलसारखी ट्रायझोल औषधं वेगळ्या एन्झाइमवर काम करतात. तुझे १८ तिच्यावर तपासलेत का? नसतील तर स्किनच्या डॉक्टरांना आणि मायक्रोबायोलॉजीच्या सरांना भेट, पहिली प्लेट तिथंच लाव आणि रिझल्ट आले की फोटो मला पाठव, मेल आपण मिळून लिहू.