टॉवरमुळं म्हैस गाभडली का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही मोहोळ तालुक्यातले, दावणीला सात पंढरपुरी म्हशी आहेत. दिवाळीत शेजारच्या रानात मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि फाल्गुनात आमची एक म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. वार पडली नाही, शेवटी हातानंच ओढून काढली, मेलेलं पारडू उकिरड्यावर टाकलं. सगळे म्हणतात रेडिएशननंच झालं, उंदरांवरच्या प्रयोगाचा मेसेज पण आलाय. सून पाच महिन्यांची गरोदर आहे, धार तीच काढते. टॉवर हलवायला अर्ज करू का?
(एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर: काका, अर्ज नंतर. शेवटच्या तीन महिन्यांत गाभडणं आणि वर वार अडकणं, हे दोन्ही एकत्र वाचलं की आम्हा जनावरांच्या डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ब्रुसेल्लोसिसचं, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचं. वारेत, पारडात, गाभडल्यावर जाणाऱ्या पाण्यात हे जंतू खच्चून भरलेले असतात आणि ते माणसालाही लागतात, ताप चढतो-उतरतो, घाम येतो, सांधे धरतात. तुम्ही उघड्या हातानं वार काढलीय, म्हणून घाई करतोय.

आता प्रयोगांचं. मेसेज खोटा नसेल, असे प्रयोग झालेत. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमनं, म्हणजे कशाचा अंगावर काय वाईट परिणाम होतो ते तपासणाऱ्या सरकारी कार्यक्रमानं, 'रॅट' जातीच्या गाभण उंदरांना रोज नऊ तास मोबाईलच्या लहरींत ठेवलं, २०१८ ला रिपोर्ट आला, जास्त डोसात पिल्लांची वजनं कमी भरली पण पुढं ती नॉर्मल वाढली. सगळ्यात मोठा डोस होता अंगाच्या वजनाच्या किलोमागं ६ वॉट, आणि सामान्य माणसासाठी पूर्ण अंगाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे ०.०८ वॉट, म्हणजे ७५ पट. अमेरिकेतल्याच येल विद्यापीठात २०१२ ला गाभण उंदरांच्या पिंजऱ्यावर कॉल चालू असलेला फोन ठेवला होता, पिल्लं जास्त चळवळी निघाली, स्मरणशक्ती कमी दिसली, पण उंदरांच्या अंगात नक्की किती ऊर्जा मुरली हे नीट मोजलेलं नव्हतं अशी त्यावर टीका झाली. गर्भ मरणं, व्यंग येणं हे ठळकपणे दिसलं ते मुख्यतः लहरींनी आईचं अंगच दोन-तीन अंशांनी तापवलं तेव्हा. गर्भाला सोसत नाही ती उष्णता.

टॉवरनं म्हैस अशी तापत नाही. अँटेना उंचावर असतो, लहरी आडव्या लांब जातात, अंतर वाढलं की झपाट्यानं विरतात. भारतानं २०१२ ला टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरींना चौरस मीटरमागं ०.४५ वॉट. आपल्याकडचं चैत्र-वैशाखातलं दुपारचं ऊन त्याच चौरस मीटरवर १००० वॉटच्या आसपास ओततं! काळं कातडं, घामाच्या ग्रंथी कमी, त्यात पत्र्याचा गोठा, गाभण म्हशीला खरा ताप तिथं आहे. पत्र्यावर कडबा टाका, दुपारी अंगावर दोन-तीनदा पाणी मारा, डुंबायला सोय असेल तर सोडा.

आजच जनावरांच्या दवाखान्यात जा, सातही म्हशींचं रक्त तपासायला द्या. गाभडलेली म्हैस वेगळी बांधा. पारडू कुत्र्यांनी ओढलं नसेल तर हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, वार पण तशीच, आणि जिथं ती गाभडली तिथली जमीन ब्लीचिंगनं धुवा. सध्या निरसं दूध कुणीच प्यायचं नाही, उकळी फुटू द्या. चार ते आठ महिन्यांच्या मादी पारड्यांना ह्या आजाराची लस मिळते, एकदाच टोचावी लागते, तेही तिथंच विचारा.

सूनबाईंना रिपोर्ट येईपर्यंत गोठ्यात जाऊ देऊ नका, धार दुसऱ्या कुणीतरी काढा. त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की घरात म्हैस गाभडलीय आणि धार ह्याच काढत होत्या, डॉक्टर रक्ताची तपासणी लिहून देतील. तुमचीही करून घ्या, वार तुम्ही काढली. बाईमाणसाला गरोदरपणात हा आजार झाला तर गर्भपाताचा धोका असतो काका, म्हणून टॉवरच्या नादात आठवडा घालवू नका.

टॉवरची शंका मनातून जातच नसेल तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर तो नियमात आहे का बघता येतं, पोराला मोबाईलवर उघडून दाखवायला सांगा. रक्ताचा रिपोर्ट आला की मात्र मला लगेच कळवा.