वजन उतरलं, भूक मात्र चढली

"डाएट केलं तेव्हा अकरा किलो कमी झाले. आता रात्री अकराला ओट्याशी उभी राहून चिवडा खाते. माझा मनावर ताबाच राहिला नाही."

हे गाऱ्हाणं समुपदेशनात थोड्याफार फरकाने सतत येतं. इथे सल्ल्यासाठी आलेली बाई ३४ वर्षांची, बँकेत नोकरी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तीन महिने रोज जेमतेम ९०० कॅलरी खाऊन वजन ७८ वरून ६७ वर आलं आणि पुढच्या चार महिन्यांत ७२ झालं. 'जिभेचे चोचले' हे सासूबाईंचं निदान तिनेही मान्य करून टाकलेलं.

पहिल्या भेटीत निर्धाराचा विषय बाजूला ठेवून तीनच गोष्टी विचारल्या. थंडी जास्त वाजते का, पाळी लांबते का, झोप किती होते? ऑफिसात शाल लागते, पाळी दहा-बारा दिवस पुढे जाते, झोप साडेपाच तास. शरीर खर्चाला कात्री लावतंय, असा दाट संशय यावा अशी ही उत्तरं.

पेशीत एटीपी (ऊर्जेचं चलन) खर्च होऊन एएमपीचं (त्यातून उरणाऱ्या रेणूचं) प्रमाण वाढलं की एएमपीके नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे भुकेचं नियंत्रण करणाऱ्या भागात, ते उपवासात आणि जठरातल्या घ्रेलिन या भुकेच्या हार्मोनमुळे चढतं, भूक वाढते. ग्लुकोज, इन्सुलिन आणि लेप्टिनमुळे उतरतं. लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन चरबीच्या पेशींतून येतं. पण आहार एकदम तोडला तर चरबी फारशी घटायच्या आतच, काही दिवसांत लेप्टिन कोसळतं. मेंदूच्या लेखी तो दुष्काळ. मग भूक वाढते, थायरॉइडचा सक्रिय हार्मोन आणि प्रजननाचे संदेश मंदावतात. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही लेप्टिन-घ्रेलिन पूर्ववत झालेले नव्हते.

निर्धाराबद्दल तिला अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात शस्त्र धरणार नाही, यावर ठाम राहिलेली ही मंडळी. त्यांना दुबळ्या मनाचं कोण म्हणेल? तरी ती दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. त्यांना रोज १६०० च्या आसपास कॅलरी मिळत होत्या. हा आकडा ऐकून ९०० वर राहिलेली ही बाई बराच वेळ गप्प होती.

आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घेतली, कारण थंडी वाजणं आणि लांबलेली पाळी यांची इतरही कारणं असतात. मग आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दर आठवड्याला १५० ते २०० कॅलरी वाढवत १५०० पर्यंत जायचं ठरलं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. पोळी-भात वाढला की स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं, आणि काटा किलो-दीड किलो वर जातो. ही चरबी नव्हे. पण माणूस घाबरून पुन्हा उपाशी राहतो. हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं, वजनही आठवड्यातून एकदाच करायचं ठरलं होतं. तरी दुसऱ्या आठवड्यात फोन आलाच.

प्रथिनं दिवसाला ८० ग्रॅम. आपल्या थाळीत वाटीभर वरणातून सात-आठ ग्रॅमच मिळतात, म्हणून दोन अंडी (१२ ग्रॅम), १०० ग्रॅम पनीर (१८), ५० ग्रॅम सोयाबीन वड्या (२५) असं जोडावं लागलं. चहा-बिस्किटावर निघणारी सकाळ बंद. झोप सात तास, कारण अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते.

तीन महिन्यांनी वजन ७१. आकडा म्हणून फार नाही. पण पाळी वेळेवर आली आणि रात्रीचं खाणं रोजचं होतं ते क्वचितचं झालं. पुढची घट आठवड्याला पाव ते अर्धा किलो, त्याहून वेगाने नाही.

मात्र आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, लपून आणि थांबताच येत नाही असं खाणं होत असेल, किंवा नंतर मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर आहाराचा तक्ता पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडेच पाठवावं लागतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवणातला कोणताही बदल आधी डॉक्टरांना विचारून.