मरे हाउसची नोंद करताना

मरे हाउसवर लिहितोयस, छान! पण वास्तूचं एकच वय लिहून मोकळा होऊ नकोस. हाँगकाँगच्या सेंट्रल भागात 1840च्या दशकात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी ती बांधली, 1982मध्ये उतरवली, मग हाँगकाँगमधल्याच स्टॅनलीला समुद्रकाठी पुन्हा उभी केली. या तिन्ही टप्प्यांचे वेगळे रकाने कर.

आधी ग्रॅनाइट नीट न्याहाळ. तीन हजारांवर दगड उतरवताना त्यांवर क्रमांक टाकले होते, काही आजही दिसतात. तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढ. वरची धुराडी मात्र दुसऱ्याच जुन्या इमारतीची, एका मनोरुग्णालयाची. ती मूळची समजून भलेभले फसतात. पुन्हा उभारताना उरलेले खांब बाहेर उभे आहेत, तेही नकाशात दाखव. आतल्या रेस्टॉरंटांवर एक ओळ पुरे.